बाबांच्या नावाची ओळ

ग्योतोकु, जपान,
१६ मे १९९५

ती. दादास, सा. सलाम, वि. वि.

सेमिनरीच्या स्वयंपाकघरात कांदे चिरणाऱ्या बाईला चॅपलमध्ये कोण बोलू देतं, असं तू विचारलंस. हे मेनोनाइट पंथाचे ख्रिस्ती लोक देतात. किंबहुना सोडतच नाहीत. आठवड्याला एकानं उभं राहून पाच मिनिटं सांगायचं, आपली श्रद्धा कशावर टिकून आहे ते. नंतर टाळ्या नाहीत, मिनिटभर गप्प बसायचं. जानेवारीच्या भूकंपानंतर कोबेला ढिगारे उपसून आलेली मुलं बोलली. मग माझी पाळी. मी कुठले ढिगारे उपसलेत? बाबांचीच गोष्ट सांगितली. नगरच्या पाळकाच्या मुलीनं हिंदू मुलाशी लग्न केलं, बापानं बोलणं टाकलं, तरी नऊ वर्षं भावाच्या प्रत्येक पत्राखाली ‘बाबांकडून आशीर्वाद’ ही ओळ येते. माझी आशा त्या ओळीवर उभी आहे, म्हटलं.

तेच मराठीत टेप केलंय. कॅसेट बाबांना ऐकव. शशांक म्हणतो, सासरेबुवांना सांग, जावई दर नाताळला चर्चला जातो. केक असतो, हे सांगू नकोस.

वहिनीला सलाम. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
सुनेत्रा


अहमदनगर,
२ सप्टेंबर १९९५

चि. सौ. सुनेत्रास, अ. उ. आ.

हे आशीर्वाद माझे आहेत, एवढं आधीच स्पष्ट करतो.

बाबा गेल्याचं फोनवर सांगितलं. त्यांनी कॅसेट ऐकली का, असं तू विचारलंस, तेव्हा लाइन खराब आहे म्हणून मी फोन ठेवला. लाइन उत्तम होती. कॅसेट जूनपासून माझ्या कपाटात, स्वेटरांखाली आहे.

ती ओळ बाबांची नव्हती. पहिल्या पत्रात तू रडशील म्हणून लिहिली, दुसऱ्यात पहिली उघडी पडू नये म्हणून. मग हाताला सवयच लागली, पत्त्याखाली पिनकोड लिहावा तशी. बाबांनी तुझं नाव एकदाही काढलं नाही. कॅसेट लावली असती तर त्यांनी विचारलं असतं, हे हिला कोणी सांगितलं? मी भ्यालो. खोटं बोलणाऱ्या पोरांना बाकावर उभं करणारा पन्नाशीचा मुख्याध्यापक! प्रभावती रोज म्हणायची, लावा हो, फार तर शिव्या खाल. मी म्हणायचो, त्यांना जरा बरं वाटू दे. त्यांना बरं वाटलं नाही. तुझा आवाज ऐकून त्यांनी टेप बंद करायला सांगितली असती, की पुन्हा लावायला, हे आता कुणालाच कळणार नाही. ते माझ्यामुळे.

लोभ असावा, असं लिहायला हात धजत नाही.

विश्वनाथ


ग्योतोकु,
२० सप्टेंबर १९९५

ती. दादास, सलाम.

तुझं पत्र फ्रिजवर, कचऱ्याच्या वेळापत्रकाशेजारी लावून ठेवलं होतं. इथं जळणारा कचरा वेगळ्या दिवशी, न जळणारा वेगळ्या. हे कशात टाकायचं ते कळेना.

हे लोक शपथ घेत नाहीत. होय म्हणजे होय, नाही म्हणजे नाही. म्हणून चुकीचं बोललेलं पुन्हा उभं राहून दुरुस्त करावं लागतं. मीही केलं. ती ओळ माझ्या बापाची नव्हती, भावाची होती, एवढं सांगून खाली बसले. त्या दिवशीचं मिनिट फार लांबलं. शेवटी माझ्यासोबत भांडी घासणाऱ्या म्हाताऱ्या मोरिता-सान भात बघायला उठल्या, तशी मीही उठले. रडणं तिथंच, वाफेत उरकलं.

रागावले आहे. किती दिवस, ते विचारू नकोस. पण पत्रं थांबवू नकोस. फक्त शेवटी खरं असेल तेच लिही. काहीच नसेल तर जागा मोकळी सोड.

सुनेत्रा


अहमदनगर,
११ ऑक्टोबर १९९५

चि. सौ. सुनेत्रास, अ. उ. आ. (माझेच.)

खरं असेल ते शोधत बसलो. फार सापडलं नाही. एवढंच, की तुझं पत्र आलं की मी ते, आशीर्वादाचा उल्लेख गाळून, प्रभावतीला मोठ्यानं वाचून दाखवायचो. बाबा काठी घेऊन उठायचे, आपल्या खोलीत जायचे. दार मात्र लोटायचे नाहीत. वाचून झालं की लोटायचे.

ही आशा, की दार नुसतं खोलीत वारा यावा म्हणून उघडं, ते तुमच्या चॅपलनं ठरवावं. मी त्याला नाव दिलं, तर पुन्हा खोटं व्हायचं.

खाली एक ओळ मोकळी सोडली आहे.



विश्वनाथ