संचालकांची सहल आणि डांबऱ्या

ती. रविंद्र दाजींना,
समाधानचा सविनय जयभीम.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही पाकीट फोडायच्या आधीच म्हणाल. फोन केला की अक्का तो स्पीकरवर टाकते आणि मग तुमची इंदापूरची अख्खी आळी आमच्या गावचं राजकारण ऐकत बसते. त्यापेक्षा पत्र बरं. तीस वर्षं पोस्टमन म्हणून दुसऱ्यांची पत्रं वाटली, आता पेन्शनीत एखादं स्वतःचं टाकलं तर काय बिघडलं? अक्काच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे समजलं. हिरवी पट्टी सुटली का? थेंब वेळेवर पडतात ना? (आमची ज्योत्स्ना तिथं नणंदेच्या सेवेला आली आहे खरी, पण थेंब घालताना समोरच्याचा डोळा उघडा आहे की मिटलेला, हे बघायची तिला सवय नाही. माझा अनुभव आहे.) अक्काला वाचायची बंदी असेल तर तुम्हीच वाचून दाखवा. फक्त ताजा कलम मनात वाचा.

इकडं मी, चार गाई आणि डांबऱ्या खुशाल आहोत. त्यातले मी आणि डांबऱ्या परवाच समुद्रावर चार दिवस राहून आलो. हसू नका. कुत्र्याला घेऊन दर्यावर हवा खायला जातात ती पुण्याची माणसं, हे मलाही माहीत आहे. पण वेळ आली की आमच्यासारख्यालाही जावं लागतं. कसं, ते ऐका.

आमच्या गावच्या दूध संस्थेची निवडणूक गेल्या महिन्यात झाली. अकरा संचालक. पाच विजयसिंहांच्या पॅनेलचे, पाच रावजींच्या पॅनेलचे आणि राखीव जागेवर अकरावा मी, बिनविरोध. बिनविरोध म्हणजे मी फार लोकप्रिय आहे असं नव्हे. माझ्यानं कुणाचं काही वाकडं होईल असं कुणालाच वाटलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. मी उभा राहिलो तो एकाच कामासाठी, आणि ते तुम्हाला जेवढं कळेल तेवढं दुसऱ्या कुणाला कळायचं नाही, कारण तुमचा जन्म डेअरीच्या लॅबमध्ये दुधाची फॅट काढण्यात गेला. आमच्या वस्तीच्या दुधाला संस्थेत फॅट तीन-दोनच्या वर लागत नाही. साडेतीनच्या आत आली की दर पडतो. सरकी घाला, पेंड घाला, गाय बदला, तीन-दोन म्हणजे तीन-दोन. मशीनचा आकडा आतल्या बाजूला दिसतो, आपल्या हातात येते ती नुसती हातानं लिहिलेली चिठ्ठी. मशीन सगळ्यांसमोर तपासा म्हणून मी तीन अर्ज दिले. तिन्हींचं उत्तर एकच, गाईंकडं लक्ष द्या.

आणि मग लोकांच्या ध्यानात आलं की चेअरमन करायला सहा मतं लागतात आणि सहावं मत वस्तीवर शेण काढत बसलंय. दुसऱ्याच सकाळी विजयसिंहांची पांढरी गाडी आमच्या दारात. वीस वर्षांत पहिल्यांदा. बाजेवर बसले, चहा बशीत ओतून शेवटच्या थेंबापर्यंत प्याले. एरवी मला 'ए टपाल' अशी हाक मारणारा माणूस 'समाधानराव' म्हणाला, तेव्हा मी मागं वळून बघितलं की कोण आलंय. म्हणाले, चार दिवस दर्यावर जाऊ, हवापालट होईल. (मतदानापर्यंत आपली माणसं दुसऱ्या पॅनेलच्या हाताला लागू नयेत म्हणून त्यांना लांब नेऊन ठेवायचं, ह्याला आमच्याकडं सहल म्हणतात. बाजाराच्या आदल्या दिवशी बोकड घरात बांधतात, तसंच.) मी म्हटलं, ज्योत्स्ना इंदापूरला, गाईंचं कसं? ते म्हणाले, आमचा पोरगा अविराज दोन्ही वेळा धारा काढील आणि दूधही घालील. अविराज गोठा बघायला आला आणि डांबऱ्यानं त्याला दीड तास गव्हाणीवर उभा करून ठेवला. खाली उतरू देईना.

डांबऱ्या म्हणजे आमच्या रस्त्यावर डांबर पडलं त्या दिवशी सापडलेलं पिल्लू. रस्ता पहिल्याच वर्षी उखडला, कुत्रं टिकलंय. सबंध नोकरीत गावोगावची कुत्री माझ्या सायकलमागं लागली, त्यातलं हे एकच सोबत आलं. मी सांगून टाकलं, कुत्रं आलं तर मी येणार. विजयसिंहांनी बोटावर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "घ्या त्यालाबी."

तर निघालो. विजयसिंह, त्यांचे चुलतभाऊ श्रीपती, साठी ओलांडलेल्या कुशाबाई, आणखी दोन संचालक (त्यांची नावं सांगत नाही, चार दिवसांत ते स्वतःही काही बोलले नाहीत), मी आणि ड्रायव्हर. उसाच्या ट्रॉल्यांमागून रडतखडत निघालो ते वरंध्याच्या घाटात पोचेपर्यंत सगळं ठीक होतं. मग मात्र संचालक मंडळ एकमतानं ओकायला लागलं. (एकमताचा तेवढाच ठराव मी आजवर पाहिला.) विजयसिंह मागं आडवे झाले, पुढची सीट रिकामी झाली आणि तिच्यावर डांबऱ्या चढून बसला, डोकं खिडकीबाहेर काढून. महाडमध्ये एका चहावाल्यानं त्याला वाकून नमस्कार केला. सवय असते हो लोकांना. पुढच्या सीटवर कोण आहे हे कोण बघतं?

गावाचं नाव सांगायचं नाही अशी शपथ आहे, म्हणून सांगत नाही. नारळाची झाडं, दोन खोल्या, मागं समुद्र. उतरल्याबरोबर श्रीपतीनं सगळ्यांचे फोन तांदळाच्या पिशवीत गोळा केले आणि कुलपात टाकले. एकट्यानं फाटकाबाहेर जायचं नाही, जोडीनं जायचं, असा नियम झाला. पहिलीची पोरं लघवीला जातात तसे आमचे संचालक हातात हात घालून लाटा बघायला जात होते. पण कुत्र्याला दोन वेळा बाहेर न्यावंच लागतं, त्याला काय करणार? म्हणून डांबऱ्याची दोरी माझ्या हातात आणि माझी श्रीपतीच्या. मी थांबलो की तो थांबायचा, मी वळलो की तो वळायचा. शेपूट तेवढं नव्हतं.

समुद्र बघून डांबऱ्याला वाटलं, कुणीतरी परकं पाणी आपल्या अंगावर येतंय. एकेक लाट त्यानं भुंकून परत लावली. लाट मागं गेली की माझ्याकडं बघायचा, बघितलंत का? तासाभरानं ध्यानात आलं की ही येतच राहणार, मग गुमान बसला. कुशाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच समुद्र पाहिला. पदर सावरत म्हणाल्या, "एवढं पाणी हितं उगंच पडून हाय, आन आमच्या चारीला आवर्तन कधी येतंय ते देवाला ठावं." मला ते शब्द समुद्रापेक्षा मोठे वाटले. पाहुणचाराचं तर विचारू नका. दोन्ही वेळा ताटात सुरमई. विजयसिंह स्वतःच्या हातानं मला तुकडा वाढत होते. त्यांच्या घरी तीस वर्षं मनिऑर्डरी पोचवल्या, पाण्याचा तांब्या कधी उंबऱ्याबाहेर आला नव्हता. इथं डांबऱ्यालासुद्धा चिकन-भात, आणि हाक काय, तर 'डांबरराव'. कुत्रं बिचारं ओ देत नव्हतं. त्याला अजून स्वतःची किंमत कळलेली नव्हती, मला कळली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डांबऱ्या दोरीतून मान काढून पळाला आणि घटकाभरानं तोंडात एक चपल घेऊन आला. मोठी, कोल्हापुरी, उजव्या पायाची, अंगठा पिवळ्या वायरनं बांधलेला. दाजी, मी तीस वर्षं लोकांच्या दारात उभा राहिलो. आत कुणी बोलावलं नाही, त्यामुळं चपलाच बघितल्या. गावातला माणूस मी तोंडापेक्षा चपलेवरनं लवकर ओळखतो. ही चपल रावजींची. ह्याच जोडीत ते दोनदा निवडून आले म्हणून मोच्याकडंही नेत नाहीत, वायर बांधतात. मी चपल नारळाच्या बुंध्यामागं ठेवली आणि श्रीपतीला म्हटलं, कुठल्यातरी कोळ्याची असेल.

तिसऱ्या दिवशी डांबऱ्यानं आणखी दोन आणल्या आणि त्या विजयसिंहांच्या खुर्चीपुढं नीट ओळीनं मांडल्या. (माझं कुत्रं आहे, बटवडा चुकायचा नाही.) एक श्रीपतीच्या व्याह्याची निघाली, आणि व्याही रावजींच्या पॅनेलचा संचालक. विजयसिंहांचा चेहरा उतरला. आपली माणसं फोडायला रावजी इथवर आला, ह्या रागानं ते निघाले, मागून आम्ही सगळे, पुढं डांबऱ्या वाट दाखवायला. तिसऱ्याच आवारात रावजी एक पाय अनवाणी बसलेले, शेजारी त्यांचे चार संचालक तळलेले बांगडे खातायत आणि खुंटीला फोनची पिशवी. विजयसिंह दिसले तसे रावजी ओरडले की आमची माणसं फोडायला आलास व्हय? बारामतीच्या ज्या गाडीवाल्यानं आम्हाला 'कुणाच्या बापाला सापडणार नाही' अशी जागा दिली होती, त्यानंच त्यांनाही दिली होती. त्याच्या साडूची तिथं दोन घरं, तो तरी काय करणार?

त्यानंतर जे झालं ते खरं बघण्यासारखं. तीन दिवस दोन्ही पॅनेल हाकेच्या अंतरावर होती, मग कोण कुणाला भेटलं? कुशाबाई आणि तिकडच्या बनाबाई रोज शिंपले वेचायला एकाच खडकावर जात होत्या, हे निघालं. दोघी मावसबहिणी. नातवंडांच्या खोकल्याबद्दल बोलायचो म्हणाल्या, पण विश्वास कोण ठेवणार? श्रीपती व्याह्याशी बोलला नसेल कशावरून? विजयसिंहांना आपल्या चौघांवर भरवसा राहिला नाही, रावजींना आपल्या चौघांवर. आणि श्रीपतीला स्वतःलाच चेअरमन व्हायचंय, हे चारचौघांत त्याच्याच तोंडून निसटलं. मग दोघे पुढारी वाळूत मांडी घालून बसले. तू नको, तर मीही नको, तुझा माणूस नको, तर माझाही नको. बराच वेळ असं चाललं आणि मग दोघांची नजर एकदमच माझ्याकडं वळली. मी डांबऱ्याला नारळाची करवंटी फेकून देत होतो.

विजयसिंह म्हणाले, "समाधानराव, तुमीच व्हा चेअरमन. सह्या कुठं करायच्या ते आमी सांगत जाऊ."

रावजींनी मान डोलावली. "गरीब माणूस हाय. कुणाला चावायचा न्हाय."

हे माझ्यासमोर, मला ऐकू येईल असं बोलले, दाजी. मी तिथं नाहीच, असं. राग आला. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणीही आलं, पण समुद्रावर सगळ्यांच्याच डोळ्यांत खारं पाणी असतं, कुणाला कळलं नाही. मी हात जोडले आणि म्हटलं, तुम्ही म्हणाल तसं.

परत आलो ते थेट संस्थेच्या दारात. निवडणूक अधिकारी आले, दहा मिनिटांत बिनविरोध, हार, फोटो, पेढे. कार्यक्रम आटोपल्यावर डांबऱ्या पांढऱ्या गाडीच्या पुढच्या दाराशी जाऊन बसला. ड्रायव्हर म्हणाला की सीट खराब होईल. जाताना ती सीट कुणाची होती हे त्याला आठवत असावं, कारण बोलताना तो खाली बघत होता. विजयसिंह आधीच मागून निघून गेले होते. मग दूध संस्थेचे नवे चेअरमन गळ्यात हार घालून, कुत्रं मागं घेऊन, दोन किलोमीटर चालत वस्तीवर आले. वाटेत डांबऱ्यानं हारातली झेंडूची फुलं खाल्ली आणि घरी येऊन ओकला. घाटात राहिलेलं त्याचं तेवढं इथं झालं.

असो. अक्काला सांभाळा, ज्योत्स्नाला म्हणावं गाई आठवण काढतात (मीही काढतो, पण गाईंचं नाव पुढं करा). तब्येतीला जपा. लहान तोंडी फार लिहिलं, पोटात घाला.

तुमचा,
समाधान

ता. क. : रावजींची चपल अजून माझ्याकडंच आहे. डांबऱ्या तिच्यावर डोकं ठेवून झोपतो. त्यांनी नवा जोड घेतला आणि तो चावतो म्हणे.

आणखी एक : परवा अविराजनं चार दिवसांच्या चिठ्ठ्या आणून दिल्या. गाई माझ्या, गोठा माझा, वैरण माझी. फॅट तीन-नऊ, चार, तीन-नऊ, चार. परत आल्याच्या दुसऱ्या सकाळी मी स्वतः दूध घातलं. तीन-दोन. समुद्राची हवा मी खाल्ली आणि गाईंना मानवली, असं म्हणायचं का? चिठ्ठ्या बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या आहेत.

शेवटचं, आणि हे खरं : सोमवारी सकाळी दूध घालायच्या वेळेला माझी पहिली मीटिंग आहे, संस्थेच्या ओट्यावर, सगळ्या गावासमोर. पहिली सही कुठं करायची ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही, म्हणून मीच ठरवलंय, मशीन तपासायच्या ठरावावर. मशीनशेजारी बसून हातानं फॅट काढून दाखवायची. तुम्ही रविवारीच या. तुमच्या त्या जुन्या काचेच्या नळ्या आणि हातानं फिरवायचं यंत्र बरोबर आणा. एसटीत डिकीत टाकू नका, मांडीवर धरा. मी कुणाला चावायचा न्हाय म्हणाले ना रावजी? डांबऱ्यासुद्धा तिथं चार दिवस कुणाला चावला नाही, नुसत्या चपला गोळा करत होता. आणि कुणाला काही बोलू नका. कुठं निघालात म्हणून अक्कानं विचारलंच, तर म्हणा, कुत्रं बघायला. एवढ्या लांब कुत्रं बघायला कोण जातं म्हणाली, तर सांगा, चेअरमनचं आहे. हल्ली रोज चार-दोन जण येऊन बघून जातात.