मामांचं रक्त आणि मिठाचं पाणी

४ मार्च

ती. मामा,
सा. न. वि. वि.

आमच्या प्रयोगासाठी तुम्ही दिलेल्या रक्ताचा रिझल्ट आला! मी लॅबमध्ये नाचले. सर बघत होते, तरी नाचले. फोनवर तुम्ही नुसतं बरं बरं करता, म्हणून पत्र.

आम्ही काय करतो सांगते. प्लेटच्या खान्यांत तळाला माणसाच्या श्वासनळीच्या पेशी वाढवतो. त्यांच्यावर डांग्या खोकल्याचे जंतू सोडतो आणि थोड्या वेळाने मिठाच्या पाण्याने धुतो. चिकटलेले राहतात, बाकीचे वाहून जातात. रक्तात अँटीबॉडी असतील तर त्या नेमक्या जंतूच्या चिकट भागावर जाऊन बसतात. मी लहानपणी तुमच्या दुकानात पंक्चरच्या पॅचला चिकट बाजूने बोट लावायचे, मग पॅच बसायचा नाही आणि तुम्ही ओरडायचात, आठवतं? अँटीबॉडी म्हणजे ते माझं बोट.

तुमच्या खान्यात एकही जंतू उरला नाही, मामा! लहानपणी झालेला डांग्या खोकला कामी आला.

ताईचं बाळ बघायला कधी जाताय? मामींना नमस्कार. लोभ आहेच, त्यातली हवा जाऊ देऊ नका.

तुमची ठकू

९ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र हवेच्या पंपाच्या वर लावलंय. सायकलीत हवा भरणारा प्रत्येक जण वाचतो. एकाने वाचून हवा न भरताच काढता पाय घेतला.

तुझ्या ताईने फर्मान काढलं होतं, की खोकल्याचं इंजेक्शन घेतल्याशिवाय बाळाच्या खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही. बाळाला स्वतःचं इंजेक्शन मिळायला अजून वेळ आहे म्हणे. मी सांगितलं, माझ्यावर सायन्सचा शिक्का आहे आणि तो ठकूने मारलाय. मग नरमली. रविवारी जातोय. बाळाला मांडीवर घेतल्याशिवाय परत येणार नाही.

मामी म्हणते मी फार खोकतो. तिला नावं ठेवायची सवयच आहे. दुकानातली धूळ आहे ती.

तब्येतीला जप, आमची आठवण ठेव.

तुझा मामा

१३ मार्च

ती. मामा,
सा. न.

जाऊ नका. माझं चुकलं.

एका खान्यात आम्ही कुणाचंच रक्त घालत नाही. तिथे जंतू गच्च चिकटलेच पाहिजेत. तो खाना आधी बघायचा असतो. मी आज बघितला. तोही चकाचक! म्हणजे नुसतं मिठाचं पाणीसुद्धा तुमच्याइतकंच शूर. मी उत्साहात इतक्या जोरात धुतलं, की चिकटलेलेही उडाले. मग सगळं पुन्हा केलं, हळू हाताने धुतलं. तुमच्या खान्यात आता पाय ठेवायला जागा नाही. लहानपणच्या अँटीबॉडी केव्हाच विरल्यात.

बाळाची श्वासनळी केवढीशी असते, मामा. आपल्याला नुसता खोकला होतो, तान्ह्याचा श्वासच थांबू शकतो. तुमचा फोन नेहमीसारखा गल्ल्यात पडलेला दिसतोय. ताईला सांगितलंय. ती आता माझ्याशी बोलत नाहीये.

लोभ असावा, खोकला नसावा.

ठकू

२१ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं दुसरं पत्र मी ताईकडून परत आल्यावर मिळालं. तोवर व्हायचं ते झालं होतं. ताईने दारच उघडलं नाही. मी बॅग घेऊन बाहेर, ती आत. जावयाने खिडकीखाली खुर्ची ठेवली आणि लांब जाऊन उभा राहिला. ताईने बाळ काचेपाशी आणलं. मी काचेला नाक लावून बसलो. बाळाने माझ्याकडे बघून जांभई दिली. मला सगळ्यांचा राग आला होता. तुझा, ताईचा, मिठाच्या पाण्याचा.

घरी आल्यावर मामीने धरून डॉक्टरकडे नेलं. त्यांनी नाकात काडी घातली. काल रिपोर्ट आला. डांग्या खोकला.

धूळ नव्हती.

मला आणि मामीला, दोघांनाही गोळ्या चालू आहेत. बरा झालो की इंजेक्शन घेणार, ते अंगी लागेपर्यंत थांबणार, मग जाणार. पंपावरचं पत्र काढून दुसरं लावलंय. गिऱ्हाईकं ते जास्त आवडीने वाचतात.

ताईला फोन कर, ती बोलेल. मी बजावलंय. तिची आता एकच तक्रार आहे, काचेवरचा माझ्या नाकाचा डाग काही केल्या जात नाही. अजून घासतेय म्हणे.

तिला म्हणावं, हळू हाताने धू.

तुझा मामा