कापलेल्या मासोळीचा वाटा

रविवार, संध्याकाळ

गावच्या तलावात आज सगळ्यायनं जाळं ओढलं. मीही छातीभर पाण्यात उतरलो, तर कंपनीचं कार्ड गळ्यातच! रोज पहाटे चंद्रपूरची बस पकडताना घालतो, सुटीलेही हात थांबत नाई. मग वाटे पडले. सगळ्यायले टोपलीत अख्खी मासोळी. मले मात्र श्रावणकाकानं साफ करून, कापून, पिशवीत दिली. "साहेबाले काऊन तरास?" म्हणे. मायेनंच म्हणे. पण आमच्या गावात कापलेली मासोळी फक्त पाहुण्याले देतात. मी काय पाहुणा आहो? रोज झोपायले इथीच तर येतो! कार्ड तिथीच खिशात कोंबलं. घरी आईनं पिशवी उघडून पाहिली अन् विचारलं, "आज कोणाकडं पाहुणा आला रे?"