शोभेच्या कांद्यांचा रंग

१२ एप्रिल

ती. वन्संस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचे गुडघे आता बरे आहेत हे वाचून हायसं वाटलं. मी ठीक. ह्यांचं शिवणयंत्र झाकून ठेवलंय. खोली मात्र रोज झाडते.

लिहायचं कारण मागचा वाफा. जाण्याआधी ह्यांनी तिथे शोभेचे कांदे लावले होते. फोडणीला घेऊ नकोस, ते बघायचे आहेत, असं मला बजावलं होतं. रंग विचारला तर म्हणाले, "धीर धर, कळेल." आता कमरेएवढे दांडे आलेत, टोकाला मिटलेले गोंडे आहेत आणि नेमकी आत्ताच पात पिवळी पडतेय. ह्यांच्या हातची शेवटची लावणी माझ्या हातून जाऊ नये. काय करू, लगेच कळवा.

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
वहिनी

१८ एप्रिल

चि. वहिनीस,
अ. उ. आ.

एवढी पुस्तकं वाचतेस आणि कांद्याला घाबरतेस? कांदा तो कांदाच. पात पिवळी पडली की आई माना मोडायची, म्हणजे जोर गड्ड्यात उतरतो. तूही मोड. रंग मला ठाऊक आहे, भाऊने फोनवर सांगितला होता. तुला सांगणार नाही. जळ थोडी.

जेवत जा वेळेवर.
तुझी खाष्ट वन्सं

६ मे

ती. वन्संस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं ऐकून निम्म्या वाफ्याच्या माना मोडल्या, फुलांच्या दांड्यांसकट. मग राहवेना म्हणून वाचनालयातून बागेचं पुस्तक आणलं. ह्या जातीची पात फुलायच्या वेळी वाळतेच, म्हणे. तिला हात लावायचा नाही, ती वाळता वाळता गड्ड्याला पोसते. आधी तुमच्यावर रागावले, मग स्वतःवर. पुस्तक आधी उघडायला काय धाड भरली होती?

मोडलेले दांडे टाकवेनात. कापून ह्यांच्या कापडं बेतायच्या टेबलावर बरणीत उभे केले. बरणीतले आणि वाफ्यातले, दोन्हीकडचे गोंडे उमललेत. बारीक चांदण्यांचे चेंडूच. पण वन्सं, रंग पांढरा. अस्तराच्या कापडासारखा. एवढं गुपित ठेवून पांढरा? खरंच हिरमुसले.

राग निवळत आलेली,
वहिनी

१२ मे

चि. वहिनीस,
अ. उ. आ.

माझं चुकलं गं. पण पांढरा कसा? भाऊ जांभळा म्हणाला होता. तू लग्नानंतर घातलेल्या त्या जांभळ्या ब्लाउजचा तुकडा घेऊन तो दुकानात रंग जुळवायला गेला होता. जन्मभर कापड उन्हात नेऊन पारखणारा माणूस. गड्डा उन्हात नेऊन काय दिसणार? फसवलं त्याला. असता तर आठवडाभर फुगून बसला असता.

तुझ्याबरोबर हसावंसं वाटणारी,
वन्सं

२० मे

ती. वन्संस,
शि. सा. न. वि. वि.

म्हणजे ह्यांनाही माहीत नव्हतं. पत्र वाचून मोठ्याने हसले, मग जे व्हायचं ते झालं.

काल त्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, पुड्यांची अदलाबदल झाली. एक दाई आदल्याच दिवशी भांडून गेली, मागितले पांढरे आणि उगवले जांभळे. तिचा पत्ता घेतलाय. उद्या पांढऱ्यांची जुडी घेऊन तिच्याकडे जाते. ह्यांनी माझ्यासाठी निवडलेला रंग तिच्या अंगणात उभा आहे, तो बघून येते.

आल्यावर सविस्तर लिहीन. लोभ आहेच, तो असाच भांडत राहू द्या.
वहिनी