मंगळवारी दहाला केळशी

मंगळवार, ७ जानेवारी २००३

केळशीचा फोन दहाला लागला. अठरा मिनिटं. अमरदीप नेहमीसारखे मोजून बोलले — सहापैकी चार कलमांना मोहोर. पहिलाच. सात वर्षांपूर्वी रजेवर आले असताना लावलेली झाडं. 'मथुरा रोज सकाळी दारात उभी राहून मोहोर मोजते, मॅडम. मी म्हटलं, हजेरी घेतेस काय गो.' कारगिलहून परतल्यापासून ह्या माणसाने बायकोची थट्टा केल्याची नोंद नाही. आज केली.

तुडतुडे दिसतायत म्हणाले. मी फवारणीचं वेळापत्रक काढलं. औषधाचं नाव सांगितलं, प्रमाण सांगितलं, दापोलीत मिळेल म्हणून सांगितलं. त्यांनी सगळं परत म्हणून दाखवलं. फौजी सवय.

दुपारी

अहवाल भरताना लक्षात आलं.

आमची चौदा माणसं — सगळे माजी सैनिक, झोप उडालेले. डॉक्टरबाई तपासतात, मी दर आठवड्याला फोनवरून बागेतलं काम देते. पहिल्याच दिवशी बाईंनी लाल शाईत लिहून दिलं होतं: घरात विषारी औषध जाता कामा नये. कीड आली तर फांदी छाटा, पीक गेलं तर जाऊ द्या. अमरदीपनी ऑक्टोबरात त्यांना सांगितलं होतं, मला आता जगायचं नाही. तेही फाइलवर लाल शाईतच आहे.

आणि मी बाटली आणायला सांगितली. कॉलेजात पाठ केलेलं तोंडातून गेलं. मोहोर म्हटल्यावर मला फक्त झाड दिसलं.

लगेच फोन लावला. बूथवाली रहिमा म्हणाली, 'तो तं साडेदहाच्या यस्टीने दापोलीला गेला. मी म्हटलं, भाई, चाय तरी घे. नाय बोलला, मॅडमचा हुकूम हाय.'

आल्यावर फोन करायला सांगा, म्हटलं. का, ते सांगता येईना. गावाला वाटतं, माणूस फोनवर बागायती शिकतोय. खरं काय ते फक्त मथुराला माहीत.

बुधवार, ८ जानेवारी

फोन नाही. मीच दोनदा केला.

'निरोप दिला गो बाय. मान हलवली न आत गेला. एवढं काय अर्जंट? आंबे काय उद्या उतरवायचेत?'

मथुराला बोलवा म्हटलं. ती सकाळीच आंजर्ल्याला गेली, बहिणीच्या बाळंतपणाला. म्हणजे घरात ते एकटे. ते आणि बाटली.

डॉक्टरबाईंना सांगितलं नाही. चूक झाली होती, दुरुस्त केली — असं वाक्य तयार ठेवलंय. आधी दुरुस्त होऊ दे.

गुरुवार, ९ जानेवारी

केळशीची लाइन बंद. अकरा वेळा लावून पाहिला.

शुक्रवार, १० जानेवारी

लाइन बंदच. नऊला डॉक्टरबाईंच्या खोलीत गेले, सगळं क्रमाने सांगितलं. तयार वाक्य वापरलं नाही.

'मंगळवारी झालं. आज शुक्रवार.' एवढंच म्हणाल्या. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. मग म्हणाल्या, 'तुझ्या नोकरीचं नंतर बघू. आत्ताची दापोली गाडी पकड. गेल्या गेल्या बाटलीचं विचारू नकोस. आधी त्याच्याजवळ बस.'

खेड स्टँड, दीड वाजता

गाडी पंचवीस मिनिटं उभी. कंडक्टरला दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा म्हणाला, 'ताई, मीच ढकलू काय?'

पाच महिने फोन करतेय. अमरदीप दिसतात कसे, मला माहीत नाही. त्यांना काय विचारायचं ह्याची यादी करायला घेतली. एकही प्रश्न लिहिता आला नाही.

केळशी, संध्याकाळी पाच

वाटेवरूनच दिसलं. चारही कलमांचा मोहोर करपून काळा. पानंसुद्धा भाजलेली. सांगितलेल्या प्रमाणात असं होत नाही.

झाडाखाली एक उंच माणूस करपलेल्या काड्या गोळा करत होता. 'अमरदीप?' म्हटलं. आवाज ओळखून उठला. वर बघेना.

'फोन कुठल्या तोंडाने करणार, मॅडम. प्रमाण पाठ होतं. पण तेवढं मारून अर्ध्याहून जास्त बाटली उरत होती. ती घरात राहिली असती, मी पण घरात. म्हणून सगळी पंपात ओतली. अंधार पडायच्या आत मारून संपवली. मथुराचा मोहोर गेला.'

ते प्रमाण मी कॉलेजात पाठ केलंय. म्हटलं, 'बरोबर केलंत.'