पाण्याचा आवाज

आई,

१. त्या मंगळवारी लसीच्या डब्यात बर्फाचे पॅक मी भरले.
२. फ्रीजरमधून काढले आणि लगेच भरले.
३. तू विचारलंस, आत पाणी वाजलं का. मी हो म्हणाले.
४. तू नऊ बाळांना त्रिगुणी लस दिलीस.
५. अडीच महिन्यांनी त्यांतल्या एकाला डांग्या खोकला झाला.

वडूजकडच्या ज्या आरोग्य केंद्रात तू नर्स होतीस, त्याच्यामागेच आपलं क्वार्टर होतं. मी कराडला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि सुट्टीत तुला मदत करत होते. तुझी पद्धत ठरलेली होती. पॅक ओट्यावर मांडायचे, घाम फुटेपर्यंत थांबायचं, मग एकेक कानाशी धरून हलवायचा. आत पाणी वाजलं तरच तो डब्यात. जितकं थंड तितकं चांगलं, असं माझं म्हणणं. तू हसायचीस. "इंजिनेर बाई, बर्फाला बी घाम यावा लागतोय. लस गोठली की मेली." त्या दिवशी मला नऊची एसटी पकडायची होती. पॅक अजून कोरडे होते. दारात चप्पल घालता घालता तू विचारलंस, मी उत्तर दिलं, तू डबा उचललास. गोठलेली बाटली वितळली की ओळखू येत नाही. ती तपासायची रीत तुला माहीत होती, पण माझा शब्द तुला पुरला.

त्या बाळाची आई केंद्रात येते तेव्हा मी कराडहून नुकतीच आलेली, बॅग घेऊन दारात उभी आहे. बाळ खोकतं, निळं पडतं, श्वास ओढताना हुप्प असा आवाज येतो. "आवं बाई, सुई टोचली तवा म्हनला, आता लेकराला भ्या न्हाई. मग ह्यो खोकला कुठनं आला?" मागून कुणीतरी म्हणतं, "पानी भरलं आसंल सुईत." दोघीतिघी हसतात. तू हसत नाहीस, माझ्याकडे बघतही नाहीस. "माझंच कुठंतरी चुकलं आसंल," म्हणतेस, आणि बाळाला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला स्वतः जीपमध्ये बसतेस. बाळ वाचलं, पण त्याला बरं व्हायला दोन महिने लागले. उरलेल्या आठ जणांना तू घरोघर जाऊन पुन्हा लस दिलीस. त्यानंतर तो डबा तू मला कधी भरू दिला नाहीस. त्याचं कारण मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. दोन वर्षांनी तू गेलीस.

आता मी सांगलीत, विश्रामबागच्या ऑफिसात, लसीची शीतगृहं सांभाळते. परवा नर्सच्या प्रशिक्षणात दोन बाटल्या हलवून दाखवल्या. चांगली बराच वेळ गढूळ राहिली. गोठून वितळलेलीत कण झरझर तळाला बसले. लस शरीराला रोगाची ओळख आधीच करून देते, म्हणजे खरा रोग आला की शरीर तयार असतं. गोठलेल्या लसीतून ती ओळख पुरती होत नाही, एवढं मी समजावलं. एकीनं विचारलं, "मॅडम, कानाशी धरायला कितीसा वेळ लागतोय? आशी चूक कोन करतंय?" मी म्हणाले, एक विद्यार्थिनी.

त्रिगुणीच्या एका डोसाने डांग्या खोकल्यापासून पूर्ण संरक्षण मिळत नाहीच, आणि एका खोकल्यावरून लस गोठली होती हेही सिद्ध होत नाही. दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. बारा वर्षं मी त्यांच्या आड बसले आहे.

येत्या गुरुवारी तुझ्याच केंद्रात प्रशिक्षण आहे. त्या बाळाची आई आता तिथे आशा सेविका आहे. काल तयारीसाठी तिला फोन केला. मी कुणाची मुलगी हे तिला माहीत नाही. ती म्हणाली, "हितं लोक आजून म्हनत्यात मॅडम, पहिल्या बाईंच्या हाताला गुन नव्हता. म्हनून लेकरांना लस द्या, आसं मी घरोघर फिरून समजावती." माझी चूक ती तुझ्या नावाने निस्तरते आहे. गुरुवारी मला सगळ्यांसमोर खरं सांगायचं आहे. पण सांगितलं तर तू डबा मुलीच्या हाती दिलास, हेही त्यांना कळेल.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून अजून एक गोष्ट लिहिते. वरच्या यादीत दोन आणि तीनच्या मध्ये एक ओळ राहिली आहे. मी एक पॅक कानाशी धरला होता. आवाज आला नाही.

हे सांगू नये असं तुला वाटत असेल, तर बुधवार संध्याकाळपर्यंत कळव.