धाकटीच्या नवऱ्याची सहा पुस्तकं

३ सप्टेंबर, मंगळवार

मी नाही म्हणाले. मालकांनी ऐकलंच नाही! सहा पुस्तकांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आपटून गेले. भयकादंबऱ्या, सगळ्या धाकटीच्या नवऱ्याच्या. आता त्यांचा संच निघणार म्हणे, आणि सुरुवातीला दोन पानं हवीत: या वाचून भीती का वाटते, आणि नवख्या वाचकाने आधी कोणती वाचावी. "तुमच्या घरातलाच माणूस. तुम्हीच लिहा."

घरातला माणूस! बहिणीच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, अजून त्याच्याशी गोड बोलायचं म्हणजे माझ्या कपाळाला आठ्या पडतात. बावीस वर्षं या प्रकाशनात प्रुफं तपासतेय, पण त्याचं एक पान हातात धरलं नाही. आलं की दुसऱ्याकडे ढकललं. आता सहाच्या सहा गळ्यात!

मलपृष्ठावर छापलंय, 'वाचताना छाती दडपून जाईल'. बघू.

४ सप्टेंबर, बुधवार

विहिरीचं संपवलं. विहिरीतून हात वर येतो. सतरा वेळा येतो — मोजलं मी! पहिल्यांदा दचकले, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा नुसती वाट पाहिली. पाचव्या वेळी वाटलं, त्या हाताला जरा साबण द्यावा.

५ सप्टेंबर, गुरुवार

बाहुलीचं आणि धुक्याचं, दोन्ही एका दमात. बाहुली बोलते. धुकंही बोलतं! या माणसाच्या पुस्तकात गप्प म्हणून कोणी बसत नाही.

एक मात्र लक्षात आलं, टिपून ठेवते. जे दिसलं त्याची भीती उरत नाही. दिसलं की त्याला उंची येते, रंग येतो, दात मोजता येतात. हा शहाणा भूत आणतो आणि लगेच दिवा लावतो!

मालक डोकावले. "अहो, आधी कोणतं वाचावं, तेवढं सांगा." म्हटलं, कोणतंच नाही. हसले. मी विनोद केला नव्हता.

संध्याकाळी धाकटीला फोन केला. उचलला त्यानेच. "ताई, ती जरा कामात आहे." नेहमीचंच रडगाणं. तसं धाकटीला बोलायचं अंगच नाही म्हणा. लहानपणी पाहुण्यांनी नाव विचारलं तरी मलाच सांगावं लागायचं.

९ सप्टेंबर, सोमवार

चौथं वाचलं. सकाळी चहा ठेवला आणि सहज उघडलं. चहा उतू गेला, ओट्यावरून खाली आला, कामाला उशीर झाला. मी जागची हलले नाही.

यात भूत नाही. एक घर आहे आणि घरात एक बाई. तिला कोणी काही विचारलं की उत्तर दुसराच कोणीतरी देतो. 'ती चहा घेत नाही.' 'तिला ऊन सोसत नाही.' 'तिला नाही आवडायचं ते.' सगळे मायेने बोलतात. कोणी तिच्यावर आवाजसुद्धा चढवत नाही. साठाव्या पानानंतर त्या बाईला एकही वाक्य नाही. मी मागे जाऊन तपासलं — खरंच नाही!

आणि शेवटी तिचा हात तव्यावर भाजतो. घरात दुसरं कोणी नाही. ती ओरडत नाही. थांबते. कोणीतरी आपल्या वतीने ओरडेल, म्हणून वाट बघत उभी राहते.

भर उन्हात अंगावर काटा आला. परक्या भुताला दार लावून घेता येतं. इथे दार कोणाच्या तोंडावर लावायचं? सगळे घरचे. सगळे चांगले.

१० सप्टेंबर, मंगळवार

डोक्यातून जात नाही. त्या विहिरीवाल्याला हे सुचलं कसं? छे, सुचलेलं नाही हे. घडलेलं आहे!

'ती कामात आहे.' 'तिला गर्दी सोसत नाही.' 'तिला विचारून सांगतो.' अकरा वर्षं फोनवर मी हेच ऐकतेय, आणि पान बहात्तरवर शब्दन्‌शब्द तेच! नीच माणूस. माझ्या बहिणीची वाचा बसवली आणि वर त्याची कादंबरी केली.

११ सप्टेंबर, बुधवार

मालकांना सांगितलं, दोन पानं आत्ता नाहीत. घरचं काम आहे.

१४ सप्टेंबर, शनिवार

गेले. दुपारी, न कळवता, धाकटीच्या घरी.

दार त्यानेच उघडलं. हात साबणाने ओले. भांडी घासत होता — नाटकं! धाकटी आतल्या टेबलावरून उठून आली. मी विचारलं, "कशी आहेस?"

"बरी आहे ती," तो म्हणाला. लगेच!

"मी तिला विचारलंय!"

तो तिच्याकडे बघतोय, ती माझ्याकडे. पिशवीतून चौथं काढलं आणि त्याच्या पुढ्यात आपटलं. म्हटलं, वाचलं मी, घरात काय चालवलंय तुम्ही ते कळलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई, तुम्ही निदान हिला तरी—"

"काय विचारायचंय तिला? दिसतंय मला! ती येतेय माझ्याबरोबर."

तिची बॅग मीच भरली. ती निळा स्वेटर घेत होती, म्हटलं, राहू दे, तो टोचतो तुला. ठेवला तिने मुकाट्याने. टॅक्सीत सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होती. तोंडातून चकार शब्द नाही. काय दशा करून ठेवलीय पोरीची!

१५ सप्टेंबर, रविवार

धाकटी माझ्याकडे आहे. सकाळपासून त्याचे चार फोन. चारही मीच घेतले. "तिला तुमच्याशी बोलायचं नाही." ठणकावून सांगितलं!

आज दोन पानं एका बैठकीत उतरली. 'आधी चौथं वाचा. मग बाकीची वाचू नका.' मालक बोंबलतील. बोंबलू देत. किती वर्षांनी इतकं मोकळं वाटतंय.

१६ सप्टेंबर, सोमवार

धाकटी गेली. स्वतःची बॅग स्वतः भरून.

दारात उभी राहून बोलली. सलग इतकं बोलताना मी तिला जन्मात ऐकलं नव्हतं. "चौथं मी लिहिलंय, ताई. नाव त्याचं घातलं. माझं असतं तर प्रुफं तू मागून घेतली असतीस आणि माझी वाक्यं बदलली असतीस. ते घर त्याचं नाही. आपलं आहे, आईबाबांचं. माझ्याआधी उत्तर देणारी तू होतीस. आणि फोन तो उचलतो कारण मीच सांगितलंय तसं. मला तुझ्याशी बोलायची भीती वाटते."

मी क्षणभरही थांबले नाही. म्हणाले —

"तुला असं मुळीच वाटत नाही!"